आत्याबाईंची शेपटी

कप्तानाने आयुष्यात जहाज पाहिलेलं नाही. त्याला पोहताही येत नाही. बदकांच्या तळ्यात एकदा पाय घसरून पडला, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, तर 'वाचवा, वाचवा' म्हणून अशी बोंब ठोकली की बदकंच उठून काठावर जाऊन उभी राहिली. नाव पडलं ते टोपीमुळे. बँडपथकात ढोल वाजवणाऱ्या त्याच्या मामाने म्हातारपणी आपली सोनेरी पट्टीची टोपी भाच्याला दिली, आणि भाचा प्राणिसंग्रहालयात कीपर म्हणून लागला तो ती टोपी घालूनच. पहिल्याच दिवशी माकडाने ती पळवली. परत मिळाली तेव्हा पट्टी अर्धी कुरतडलेली. तरी उतरवली नाही पठ्ठ्याने.

मी तिथे तिकीट खिडकीत होतो. खिडकी इतकी खाली बसवलेली की येणाऱ्यांची तोंडं दिसत नसत, पोटं दिसत. त्यामुळे मी सगळी भिस्त कानांवर ठेवली, आणि कानांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. ही हकिगत मात्र मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. कप्तान हे वाचेल तेव्हा म्हणेल, "म्हातारा तिखटमीठ लावतोय." लावतोयच. चवीपुरतं.

तर कप्तानाच्या ताब्यात एक गेंड्याची मादी होती. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं, ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळे तिला आत्याबाई म्हणत. तिचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही तेच म्हटलं असतं. घरच्या कार्याला आवर्जून बोलावलं, पण बसायला पुढची खुर्ची दिली नाही, अशा आत्याचा चेहरा. ओठ पुढे, मान खाली, डोळे बारीक. तिला दिसायचं कमीच, पण कान असे गरागरा फिरायचे की आपल्याबद्दल कोण काय बोलतंय त्यातलं एक अक्षर सुटत नसावं. त्या बाबतीत माझं आणि तिचं चांगलं जमलं असतं.

कप्तान रोज सकाळी लोखंडी पाइपांच्या फटीतून खराटा घालून तिची पाठ घासायचा, आणि घासता घासता बोलायचा. घरी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा हा माणूस, आत्याबाईला मात्र काल भाजीत मीठ जास्त पडलं होतं इथपासून सगळं सांगायचा. त्याची बायको, कप्तानीण, मला म्हणायची, "दादा, आमच्या घरातलं काही हवं असेल तर त्या गेंड्याला विचारत जा. मलासुद्धा तिथूनच कळतं."

असं सगळं बरं चाललं होतं, आणि साहेबांच्या डोक्यात 'भेट' आली.

साहेब म्हणजे प्राणिसंग्रहालयाचे मुख्य. माणूस वाईट नव्हता हो. मनापासून त्यांना वाटायचं की लोक दुरून बघतात, शेंगा खातात आणि विसरून जातात. हात लावला तर माया लागेल, माया लागली तर चार झाडं, चार जनावरं जास्त वाचतील. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. आत्याबाईच्या कानामागच्या मऊ चामड्यावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आलेली माणसं मीही पाहिली आहेत. तर दर रविवारी 'आत्याबाईंची भेट' सुरू झाली. वेगळं तिकीट, वेगळी रांग, आणि रांगेच्या तोंडाशी टोपी घालून कप्तान.

भेटीची रीत अशी होती. आत्याबाईला मोठ्या मोकळ्या आवारातून आतल्या छोट्या अंगणात घ्यायचं. मागचं सरकतं फाटक साखळी ओढून बंद करायचं. समोर जाड पाइपांची रांग, दोन पाइपांमध्ये माणसाचा हात सहज जाईल एवढी फट. कप्तान रताळ्याचा तुकडा दाखवणार, आत्याबाई येऊन पाइपांना कूस लावून उभी राहणार, आणि कप्तान छाती काढून सांगणार, "बघा मंडळी, जबरदस्ती नाही, काही नाही. आपणहून आली!"

आता आपणहून नाही येणार तर जाणार कुठे? मागे फाटक, दोन्ही बाजूंना भिंती. आमच्या घरात पाहुणे आले की मीही असाच आपणहून बैठकीत येऊन बसतो.

सुरुवातीच्या एका रविवारी एका चिमुरडीने विचारलं, "काका, तिची शेपटी अशी वर का झाली?"

कप्तानाला कल्पना नव्हती. पण एवढी टोपी डोक्यावर असताना 'माहीत नाही' कसं म्हणायचं? तो म्हणाला, "तू आवडलीस ना तिला! खूश झाली की शेपटी वर जाते आमच्या आत्याबाईंची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मागे उभे होते, त्यांनी ऐकलं. पुढच्या रविवारी तिथे रंगवलेला फलक: 'शेपटी वर, म्हणजे आत्याबाई तुमच्यावर खूश!' शेजारी हसऱ्या गेंड्याचं चित्र, आणि गेंड्याला पापण्या. मग काय, दर रविवारी लोक शेपटीकडे डोळे लावून बसायचे. वर गेली की जल्लोष. जितका जल्लोष मोठा, तितकी शेपटी ताठ. नवे कीपर यायचे, ते फलक वाचून तेच सांगायचे, आणि ते ऐकून कप्तानालाही ते खरं वाटायला लागलं. आपणच मारलेली थाप दुसऱ्याने आपल्याला माहिती म्हणून सांगितली की तिचं वजन वाढतं.

मग एकदा डॉक्टर सुई घेऊन आले. आत्याबाईला कसलंसं इंजेक्शन द्यायचं होतं. पिशवी उघडल्याचा आवाज झाला आणि शेपटी वर गेली. कप्तान चपापला. सुईवर कोण खूश होतं? नंतर पाहतो तर गवत कापायचं यंत्र सुरू झालं, शेपटी वर. चाऱ्याचा ट्रक मागे येताना भोंगा वाजला, शेपटी वर. आणि सकाळी, आजूबाजूला चिटपाखरू नाही, खराटा चाललाय, आत्याबाईचे डोळे मिटलेत, तेव्हा तीच शेपटी जुन्या दोरीसारखी खाली लोंबतेय.

एवढं दिसल्यावर माणसाने काय करावं? कप्तानाने तोंडाला कुलूप लावलं. फलक तसाच, टाळ्या तशाच.

त्यानंतर ते थर्मासचं झालं. एक गृहस्थ एका हाताने आत्याबाईची मान चोळत होते, दुसऱ्या हातात स्टीलचा थर्मास. शेपटी वर गेली, लोकांनी ओरडा केला, आणि आत्याबाईने मान फिरवली. फिरवली म्हणजे नुसती फिरवली, हल्ला वगैरे काही नाही. पाइप घंटेसारखा वाजला. थर्मास शिंग आणि पाइप यांच्यामध्ये सापडला होता, तो घडी घातलेल्या वर्तमानपत्राएवढा होऊन बाहेर आला. गृहस्थ हसले, लोक हसले, कप्तान म्हणाला, "लाडात आलीय!" आणि तोही हसला.

भेट संपल्यावर माझ्या खिडकीशी आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. पाणी मागितलं. एका दमात ग्लास रिकामा केला.

"दादा, तिथे थर्मासच्या जागी मनगट असतं तर?"

"साहेबांना सांग."

"काय सांगू? शेपटीचं मीच सांगितलंय. मग इतके दिवस काय करत होतास, म्हणतील."

"खरंच, काय करत होतास?"

"तुम्ही तिकिटं फाडा," म्हणून तरातरा निघून गेला.

तेव्हापासून दर रविवारी भेट आटोपली की खिडकीशी यायचा आणि म्हणायचा, "सगळ्यांचे हात जागेवर आहेत." मी म्हणायचो, "वा." एवढंच बोलणं. गंमत म्हणून सुरू झालं होतं, पण त्यातली गंमत केव्हाच संपली होती. एकदा तर त्याने हात जागेवर असल्याचं सांगितलं आणि सांगताना स्वतःचीच बोटं चाचपून पाहिली.

आणि अशात त्याच्या लेकीने लग्न ठरवलं.

मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला, चांगला, शांत. मुलाच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. ज्यांची घड्याळं कोणी हातात घ्यायला तयार नाही अशी माणसं लांबून त्यांच्याकडे येत. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकांशी खेळणारी बोटं. दोन्ही घरांची एकदा नीट गाठभेट व्हायची होती, आणि कप्तानिणीने कोणाला न विचारता विहीणबाईंना फोन करून टाकला: घरी काय, कधीही याल. आधी रविवारी आमच्या आत्याबाईंना भेटा. व्याह्यांच्या हाताने रताळं खाऊ घालू. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, अगं बाई, हे तर केव्हाचे म्हणतायत!

ही बातमी तिने चहाबरोबर आमच्यासमोर ठेवली तेव्हा मी तिथेच होतो. चहाला मी बहुतेक तिथेच असतो.

कप्तान म्हणाला, "नको."

"काय नको?"

"दुरून बघतील ते."

"व्याह्यांना दुरून? गावातला शेंबडा पोरगासुद्धा हात लावून गेला, आणि आपले व्याही कठड्यापाशी उभे राहणार? काय म्हणतील ते? जावयाचा बाप आहे तो."

"अगं, त्यांचं बोटांचं काम आहे. नाजूक काम."

"मग?"

"मग काही नाही. उगाच जोखीम कशाला."

कप्तानिणीने पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "जोखीम आहे? आणि इतके दिवस लोकांना हात घालायला लावलेत ते? पोरांचे, म्हाताऱ्यांचे? त्यांना काय बोटं नव्हती? का आपल्या घरचीच बोटं तेवढी नाजूक?"

बिचारी भांडायला म्हणून बोलली होती. तिला काही माहीत नव्हतं. पण कप्तानाने कप खाली ठेवला, आणि तो असा बसला की जणू त्याच्या कुशीत कोणी कोपर खुपसलं. बायकोच्या बोलण्यावर त्याने विचार केलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चहा निवून गेला, मग तो मी प्यायलो.

रविवार उजाडला. साहेबांनी मोठेपणा करून ती भेट फक्त घरच्या मंडळींसाठी राखून ठेवली होती, आणि स्वतःही आले होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी खिडकी पाच मिनिटं बंद ठेवली.

घड्याळवाले इस्त्रीच्या शर्टात आले होते, आणि आल्यापासून अखंड बोलत होते. फाटक केवढं, पाइप कसले, गेंडा पळतो किती, थांबतो कसा. बोलणं थांबेना तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पुढे व्हा ना."

"होतोय. तू हो ना आधी."

"इश्श, मी कशाला? हौस तुमची."

"माझी? बरं. हं. माझीच."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून मुलाच्या हातात दिलं, बाही कोपरापर्यंत सारली. कप्तानाची लेक बापाकडे बघत होती. कप्तान साखळीपाशी उभा होता. मागचं फाटक बंद झालेलं होतं. त्याने रताळं दाखवलं, आत्याबाई आली, पाइपांना टेकली. घड्याळवाल्यांनी हात पुढे केला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"अगं बाई! शेपटी बघा!" विहीणबाईंनी फलक वाचला होता. "खूश झाल्या हो तुमच्यावर!" आणि त्यांनी टाळी वाजवली. शेपटी काठीसारखी उभी राहिली.

"हात काढा!"

कप्तान इतक्या जोरात ओरडला की घड्याळवाल्यांनी हात काढला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले, कोणी बंदूक रोखल्यासारखे. त्याच क्षणी कप्तानाने साखळी खेचली. फाटक घरघरत मागे सरकलं. आत्याबाईने एकदा फुस्स केलं, वळली, आणि पाठ दाखवून अशी निघून गेली की जणू तिला बोलावलंच नव्हतं मुळी. मोकळ्या आवारात जाऊन चिखलात बसली.

घड्याळवाल्यांचे हात अजून डोक्यावरच होते.

"खूश नव्हती ती," कप्तान म्हणाला. टोपी हातात घेतली होती, तिच्याकडे बघून बोलत होता. "घाबरली की शेपटी वर जाते. ते खूश वगैरे मी सुचेल ते सांगितलं होतं, एका पोरीला. पुढे तेच रंगवलं गेलं. आणि ती आपणहून येत नाही. तिला जायला जागाच नसते. तुमचा हात आज वाचला, पण मागे कितीजणांचे नुसत्या नशिबाने वाचले, तेवढे सगळे माझ्या डोक्यावर."

मला वाटलं, गेलं. नोकरी गेली, लग्न मोडलं. कप्तानिणीचा चेहरा पांढराफटक. साहेबांचा लाल.

पहिला आवाज आला तो घड्याळवाल्यांचा. तिथे पालथी घातलेली एक बादली होती, तिच्यावर ते मटकन बसले आणि म्हणाले, "हुश्श!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे हात घालायचा नाही ना? नक्की ना? अहो, आठवडाभर झोप नाही मला. मला शेजारच्या मांजराची भीती वाटते हो!"

"मग मला का नाही सांगितलंत?" विहीणबाई.

"तू फोनवर म्हणालीस, केव्हाचे म्हणतायत म्हणून!"

"मला वाटलं तुम्हाला आवडेल. मी तर आत येतानाच म्हणत होते, याच्यापेक्षा सरळ घरी जाऊन चहा घेतला असता."

लेक हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रडली, आणि बापाच्या दंडाला धरून म्हणाली, "बाबा, मला तर वाटत होतं तुम्ही माझ्या सासऱ्यांचं काहीतरी करून ठेवणार." होणारा जावई हातातल्या घड्याळाकडे बघून गालातल्या गालात हसत होता. तो पोरगा मला तिथेच आवडला.

राहिले साहेब. ते कप्तानाजवळ गेले. मी कान टवकारले.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली साहेब."

साहेबांनी एकदा चिखलातल्या आत्याबाईकडे पाहिलं. मग खिशातून त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि हळूच म्हणाले, "दर रविवारी मी या भिंतीमागे उभा असतो. दवाखान्याची गाडी फाटकाशी उभी करून ठेवतो मी. तुम्ही इतके बिनधास्त दिसायचात, की मला वाटायचं, मीच भित्रा."

म्हणजे बघा. हात घालणारा घाबरलेला, घालायला लावणारा घाबरलेला, हे सगळं सुरू करणारा घाबरलेला, आणि आत्याबाईचं तर शेपटी वर करून सांगून झालेलं. आणि दर रविवारी टाळ्या!

सगळंच गोड झालं असं समजू नका. कप्तानीण दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही; आपण हौसेने केलेल्या फोनची विहिणीसमोर फजिती झाली याचा राग. बोलायला लागली ती थेट, "मला आधी सांगायला काय झालं होतं? गेंड्याला सांगितलं असेल!" भेट बंद झाल्यावर माझ्या खिडकीवर लोकांनी जो तमाशा केला तो वेगळाच. एक पोट तर अर्धा तास हललं नाही. मग आम्ही यायचं कशाला, म्हणे. साहेबांनी वरच्या मंडळींची बोलणी खाल्ली. पण फलक खाली उतरला. कठडा मागे सरकवला, इतका की काठीसुद्धा पोचू नये. आणि ते सरकतं फाटक, ते दिवसभर उघडं राहायला लागलं.

सकाळचा खराटा कप्तानाने सोडला नाही, पण तोही आता फाटक उघडं ठेवून. काही सकाळी आत्याबाई येते, कूस लावून उभी राहते. काही सकाळी येत नाही, तेव्हा हा खराटा भिंतीला टेकवून चहाला निघून जातो. मी एकदा विचारलं, "मनाला लागत नाही रे, आली नाही की?"

"पहिल्या दिवशी लागलं," म्हणाला. "आपल्या घरच्यासारखं वाटायचं ना, दादा. मग वाटलं, आता येते तेव्हा तरी ती येते."

"का येत असेल?"

"माहीत नाही," कप्तान म्हणाला, आणि हे दोन शब्द त्याने टोपी घालून म्हटले.

लग्न झालं. व्याही-व्याह्यांची अशी गट्टी जमली की दोघांच्या बायकांना त्याचा वैताग. मागच्या रविवारी मीही गेलो होतो, निवृत्त झाल्यामुळे आता तिकीट काढून जावं लागतं मला. कठड्याशी ते दोघे शेजारी शेजारी उभे. आवारात आत्याबाई चिखलात पडलेली, तोंड पलीकडे, आपल्याकडे नुसती पाठ. एक बाई नातवाला घेऊन आल्या, पाय उंचावून उंचावून बघितलं आणि कप्तानाला म्हणाल्या, "अहो, ही काहीच करत नाही का?"

"नाही."

"कधी करते?"

"मनात आलं की उठते. कूस बदलते."

"आणि आज?"

कप्तानाने खांदे उडवले. घड्याळवाल्यांनी सरकून त्या आजी-नातवाला कठड्याशी जागा करून दिली आणि म्हणाले, "उभ्या राहा ना. आम्ही सकाळपासून बघतोय."